मेकॅनिकल इंजिनियरचा धंदा

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे पुढें काय व्हावयाचें हा प्रश्न मुलांपेक्षां त्यांच्या पालकांसच अधिक भेडसावूं लागतो. ज्या मुलानें घरचें घड्याळ उघडून पाहिलें असेल किंवा सायकलची साखळी स्वतः बसविली असेल, त्यास मेकॅनिकल इंजिनियर करावें असें मग सर्वांच्या मतें ठरतें. ही आवड चांगलीच होय. ती मुळींच नसेल त्यानें या वाटेस न जाणें बरें. परंतु यंत्र उघडून पुनः जोडणें हें कुशल कारागिराचें काम आहे. इंजिनियराचें काम कोणतें, हें एका उदाहरणानें पाहूं.

मोटारीच्या इंजिनांत सिलिंडर असतो, आणि त्यांत पिस्टन वरखालीं जात असतो. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि व्यास १०० मिलिमीटर आहे असें समजा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. पिस्टन २०० अंशांनीं तापला तर त्याचा व्यास जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरनें वाढेल. सिलिंडरास मात्र बाहेरून पाण्यानें थंड ठेविलेलें असतें, म्हणून तो १०० अंशांनींच तापला, तर त्याचा व्यास मिलिमीटरच्या एकदशांशानें वाढेल. म्हणजे थंड असतां दोन्ही अगदीं बेतशीर बसविले, तर इंजिन तापतांच पिस्टन अडकून बसेल. बरें, फट सढळ हातानें ठेवावी, तर वायु निसटून जोर कमी होईल, तेल जळेल, आणि इंजिन खडखडूं लागेल. तेव्हां फट ठेवावी खरी, पण किती? पिस्टनचा माथा सर्वांत अधिक तापतो, म्हणून तो खालच्या भागाहून किंचित् अरुंद करितात, व उरलेली फट झांकण्यासाठीं त्याच्या भोंवतीं कडीं बसवितात. डोळ्यांस सरळ दिसणारा पिस्टन वस्तुतः सरळ नसतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगितलें म्हणजे त्यांस प्रथम खरें वाटत नाहीं.

हा ‘किती’ च इंजिनियरास जन्मभर सोडीत नाहीं. दांडा किती जाड असावा, वाफेचा दाब किती चढूं द्यावा, किती वापरानंतर बेअरिंग बदलावें, याचा निर्णय त्यास करावा लागतो. आणि त्यासाठींच पदार्थविज्ञान व गणित यांची तयारी लागते. गणिताचा कंटाळा असून केवळ यंत्रांची हौस असलेल्या मुलास आम्ही हा मार्ग सुचविणार नाहीं.

कामाचीं क्षेत्रें पुष्कळ आहेत. साखर कारखान्यांत उंसाचा चोथा जाळून वाफ करितात व तिच्यावर टर्बाइन चालवितात. तेथें बॉयलरपासून चरकापर्यंत सर्वत्र या विद्येचें काम असतें. शीतगृहें, पंप, आगगाडी, औषधांचे कारखाने येथेंहि तेंच. विजेवर चालणाऱ्या मोटारींत पिस्टन नसला, तरी बॅटरी थंड राखणें व दांतेरी चाकें बेतणें हीं कामें उरतातच. कोणी नकाशे व गणितें करितो, कोणी उत्पादन पाहतो, कोणी यंत्रांची निगा राखतो. निगा राखण्याच्या कामास तरुण नाकें मुरडतात. आमच्या मतें यंत्र कां मोडतें हें तेथल्याइतकें दुसरीकडे शिकावयास मिळत नाहीं. मात्र गळिताच्या हंगामांत मध्यरात्रीं चरक बंद पडला तर अंथरुणांतून उठून जावें लागतें, हेंहि सांगून ठेवितों.

नकाशा ही या धंद्याची भाषा होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रथम चित्रकला शिकत होते; रंग नीट ओळखतां येत नसल्यामुळें त्यांनीं ती सोडली, व ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यांत्रिक ड्रॉइंग शिकवूं लागले. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर काढला. लोखंडानें जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळें तो खपावयास लागेपर्यंत सुमारें दोन वर्षें गेलीं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं निघाला तो त्यानंतर. वस्तु उत्तम असून भागत नाहीं. ती वापरणाऱ्याचें मनहि इंजिनियरास वाचावें लागतें.

आणि कधीं कधीं वरिष्ठांस ‘नाहीं’ म्हणावें लागतें. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाची हकीकत प्रत्येक होतकरू इंजिनियरानें वाचावी. त्यास जोडलेलीं रॉकेटें तुकड्यातुकड्यांचीं असून सांध्यांत रबराचीं कडीं होतीं. थंडींत रबर ताठर होतें, व दाब येतांच फट भरून काढण्याची त्याची शक्ति मंदावते. रॉकेट बनविणाऱ्या कंपनींतील मेकॅनिकल इंजिनियर रॉजर बोझोले यांनीं जुलै १९८५ मध्येंच या सांध्यांविषयीं वरिष्ठांस लेखी इशारा दिला होता. २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, सुमारें १२ अंश सेंटिग्रेडहून अधिक थंडी असतां उड्डाण करूं नये, असें आग्रहानें सांगितलें. कंपनीच्या व्यवस्थापकांनीं तें प्रथम मान्य केलें, मग फिरविलें. दुसऱ्या दिवशीं २ अंशांच्या सुमारास यान उडालें, आणि ७३ सेकंदांत त्याचे तुकडे झाले. सात माणसें मेलीं. त्यांत एक शाळाशिक्षिकाहि होती.

आतां शिक्षणाविषयीं थोडेंसें. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें फिटर वा टर्नर यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, व तंत्रनिकेतनांत तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावीस पदार्थविज्ञान व गणित घेऊन प्रवेशपरीक्षा दिली, तर चार वर्षांत पदवी मिळते. या सर्व वाटा मुलींसहि तितक्याच मोकळ्या आहेत. अडचण बहुधा घरच्यांच्या मनांत असते. डिप्लोमा ही कमी प्रतीची वाट आहे असा जो समज आढळतो तो आम्हांस मान्य नाहीं. डिप्लोमा झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो, आणि वर्कशॉपांत त्याचा हात इतरांपेक्षां बराच आधीं बसलेला असतो.