विजेवरची जुनी मोटार दानात देताना

२०२० साली टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली आणि त्यानंतर आपल्या व्यापारी बंधूंपैकी बऱ्याच जणांनी विजेवरच्या मोटारी घेतल्या. आता त्या बदलायची वेळ येऊ लागली आहे. जुन्या गाड्यांचा दलाल भाव पाडून मागतो. मग मनात येते की, एवढ्या पैशांत विकण्यापेक्षा एखाद्या दवाखान्याला किंवा यतीमखान्याला का देऊ नये? नियत चांगली आहे. परंतु हे दान पेट्रोलच्या गाडीच्या दानासारखे सोपे नाही.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशी गाडी एका धर्मादाय दवाखान्याला दिली. डायलिसिसच्या गरीब रुग्णांना घरून आणावे व परत सोडावे, असा हेतू. ट्रस्टींकडे शब्द आम्हीच टाकला होता, म्हणून दोषातही आमचा वाटा आहे. चावी देताना दुआ झाली, पेढे वाटले. पण दवाखान्याचे वायरिंग जुने, नीट अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा सॉकेट कुठेच नव्हता. त्यात तीन आठवडे गेले. गाडी सुरू झाली, तर पूर्ण चार्जवर ७० किलोमीटरच्या आसपास दम तोडू लागली. एका संध्याकाळी डायलिसिस करून निघालेल्या वृद्ध बाईंना ड्रायव्हरने वाटेतच रिक्षात बसवून दिले. बॅटरीची हमी संपलेली होती आणि नव्या बॅटरीचा आकडा गाडीच्या बाजारभावाहून मोठा निघाला.

कापडाच्या धंद्यात आम्ही ताग्याची वरची घडी पाहून सौदा करीत नाही, तागा उलगडून पाहतो. ह्या गाडीत तागा म्हणजे बॅटरी. पत्रा चकचकीत असेल, पण लिथियमची बॅटरी वर्षांनी, उष्णतेने आणि वरचेवर केलेल्या जलद चार्जिंगने झिजते, आणि ती झीज मीटरवरच्या किलोमीटरवरून कळत नाही. नेक्सॉनच्या त्या पहिल्या गाड्यांना बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी होती. म्हणजे २०२० ची गाडी कितीही कमी चाललेली असो, हमी २०२८ ला संपते. काही कंपन्यांची हमी दुसऱ्या मालकाला त्याच अटींवर मिळत नाही, तेव्हा हमीची पुस्तिका आधी वाचावी.

परीक्षा घरी करता येते. गाडी पूर्ण चार्ज करावी, चार माणसे बसवावीत आणि नेहमीच्या रस्त्यावर चार्ज २० टक्क्यांवर येईपर्यंत चालवावी. ८० टक्क्यांत ९६ किलोमीटर झाले, तर पूर्ण चार्जवर १२० धरावे. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल घ्यावा आणि दोन्ही आकडे ट्रस्टींपुढे ठेवावेत. १२० ची गाडी गावातल्या ठरलेल्या फेऱ्यांना उत्तम चालते; ७० ची कोणाच्या गळ्यात मारू नये. सूरह बकराच्या २६७ व्या आयतीत निकृष्ट माल वेचून दानात देण्याची मनाई आहे, हे आपण सर्वच जाणतो, पण गोदाम रिकामे करताना विसरतो.

कागदांत तर आमच्या माणसाने हलगर्जीच केली. नुसती चावी दिल्याने मालकी बदलत नाही. फॉर्म २९ व ३० भरून, कर्ज असल्यास बँकेची एन.ओ.सी. व फॉर्म ३५ जोडून, आरटीओत नाव बदलावे. देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते आणि विमाही त्याच मुदतीत नव्या नावावर करून घ्यायचा असतो. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव, भरपाईसाठी मालक तोच. दान केलेल्या गाडीखाली कोणी आले, तर नोटीस आपल्याच दुकानावर येईल. ट्रस्टकडूनही गाडी स्वीकारल्याचा ठराव लेखी घ्यावा.

आयकरात सूट मिळेल, ह्या आशेने कोणी देत असेल तर ऐकावे: ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला नाही. तीही २००० रुपयांवरची रक्कम रोख दिल्यास मिळत नाही. अमेरिकेत गाडी दान करण्याची चाल मोठी आहे, तिथे बहुतेक संस्था ती विकूनच टाकतात, आणि २००५ पासून दात्याची सूटही बहुधा त्या विक्रीच्या रकमेपुरतीच असते.

जकातीचा प्रश्न वेगळा. हनफी मस्लकाप्रमाणे जकात अदा होण्यास गरजू माणसाला मालक बनवावे लागते. दवाखान्याला दिलेली गाडी सदका होईल, जकात नव्हे. एखाद्या हकदार ड्रायव्हरच्या नावावर करून दिली तर जकातीत धरता येते, पण आजच्या बाजारभावाने, खरेदीच्या बिलाने नव्हे. तपशील आपल्या आलिमसाहेबांना विचारावा.

बॅटरी थकलेली असेल तर आपणच गाडी विकून रक्कम चेकने द्यावी. अगदीच मेलेली बॅटरी गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेऊन पुनर्वापरास लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

दवाखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीचेही आता ट्रस्टींच्या संमतीने हेच ठरले आहे. गृहस्थ ती विकून येईल ती रक्कम डायलिसिसच्या खात्यात भरणार आहेत. तोवर रुग्णांच्या रिक्षाचे भाडे ते आणि आम्ही निम्मे-निम्मे देत आहोत.