पिशवी उघडणारे हात

पालकहो, जूनमध्ये मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला आपण रात्री जागतो. वर्ष संपलं की त्या वह्या कुठे जातात, हे मात्र मुलांना दाखवत नाही.

गेल्या मे महिन्यात लेकीच्या जुन्या वह्या मी सुक्या कचऱ्याच्या पिशवीत भरल्या. तिने वरून ताकाचा अर्धवट प्यालेला खोका टाकला. सकाळी कचरा घ्यायला आलेल्या ताईंनी दारातच पिशवी उघडली. एक वही उचलली, चिकटलेली पानं बोटांनी सोडवून पाहिली आणि बाजूला ठेवली. "कोरडी असती तर रद्दीत गेली असती," एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. लेक शेजारी उभी होती. तेव्हापासून खोका विसळून, निथळून मगच पिशवीत जातो. मला सांगावं लागत नाही.

आमच्या पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद स्वतः कचरावेचकच आहेत. 1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती पुढे आली. सुका कचरा विकून येणारे पैसे या बायांचे असतात. म्हणजे भिजलेल्या वहीमुळे त्या दिवशी ताईंच्या कमाईतच तूट आली. ओला वेगळा, सुका वेगळा हे मुलांना शाळेत शिकवतातच; पण 'का' हे त्यांना आपल्या दारातच कळतं.

आणखी एक, जरा अवघड वाटलं तरी बोलायलाच हवं. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत; ते नीट गुंडाळून द्यायचे, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीमही झाली, आत काय आहे ते वेचणाऱ्या हातांना आधीच कळावं म्हणून. फुटलेली काच, ब्लेडसुद्धा अशीच जाड कागदात बांधून, सांगून द्यावी. उघड्या पिशवीत टाकलेली काच कुणाच्या तरी बोटात जातेच.

घरात बाळ असेल तर डायपरच्या पुडीवर लाल ठिपका काढायचं काम त्याच्या मोठ्या भावंडाकडे द्या. आणि उद्या सकाळी ताई येतील तेव्हा पिशवी मुलाच्या हातून द्या, त्यांचं नाव विचारायला सांगा.