नकाशा कसा तयार होतो : शाळेच्या अंगणातील एक पाठ

भिंतीवरील नकाशात विद्यार्थी नद्या व शहरे अचूक दाखवितो. परंतु ‘ही अंतरे मोजली कशी?’ असे विचारताच तो निरुत्तर होतो. अशाने भूगोल केवळ पाठांतराचा विषय होऊन बसतो. ही उणीव दूर करण्यासाठी इयत्ता सहावी व सातवीकरिता पुढील पाठ सुचविला आहे.

पूर्वपीठिका : सन १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या टोकांचे दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात आणि त्यांवर पुढील त्रिकोण रचता येतात. त्रिकोणांची ही माळ उत्तरेस नेत असता १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्टन निधन पावले. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते कार्य हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. पुढे दुरून मोजलेल्या कोनांवर राधानाथ सिकदार यांनी गणित केले. जगातील सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ साली जाहीर झाले, तेव्हा त्या शिखरावर कोणाचेही पाऊल पडले नव्हते. सन २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोहोंतील फरक सुमारे नऊ मीटरांचाच!

कृती : अंगणात २० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात व त्यांमध्ये दोरी ताणावी. पुठ्ठ्यावर मोठा कोनमापक काढून मध्यभागी टाचणी रोवावी. प्रत्येक खुंटीपाशी पुठ्ठा आडवा धरून दोरी व समोरचे झाड यांमधील कोन मुलांकडून मोजवून घ्यावा. समजा, पहिल्या खुंटीशी ६० व दुसरीशी ७५ अंश आले. एक सेंटिमीटरास दोन मीटर या प्रमाणाने वहीत १० सेंटिमीटरांची रेषा काढून त्रिकोण पुरा करावा. पहिल्या खुंटीपासून झाडापर्यंतची बाजू सुमारे १३.७ सेंटिमीटर भरेल. म्हणजे झाड सुमारे २७.४ मीटर दूर आहे.

पडताळा : नंतर ते अंतर दोरीने मोजावे. फरक पडल्यास आकडा खोडून उत्तर जुळवू देऊ नये. पुठ्ठा हलला काय, दोरी सैल होती काय, याची चर्चा करून कोन पुन्हा मोजावेत. आज उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून स्थान ठरविता येते. तथापि ज्ञात स्थानांवरून अज्ञात स्थान शोधणे व मापन पडताळून पाहणे ही रीत तीच आहे. म्हणून दोन्ही वेळची मापे, चुकीच्या कारणांसह, मुलांच्या वहीत राहू द्यावीत.