डबी शोधता शोधता चालणे

‘डॉक्टर, चाला म्हणता खरे, पण नुसते चालायचा कंटाळा येतो हो!’

हे वाक्य दवाखान्यात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी माझ्या कानांवर पडते. पूर्वी मला त्याचा राग येत असे. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, पोट सुटलेले आणि वर कंटाळ्याची तक्रार! पण तीन वर्षांपूर्वी माझ्याच रक्तात साखर निघाली आणि हा कंटाळा काय असतो ते मला कळले. पहाटे बूट घालायचे, देवळापर्यंत जायचे, परत यायचे. आठ दिवस नेमाने गेलो. नवव्या दिवशी पाऊस होता म्हणून गेलो नाही. दहाव्या दिवशी पाऊस नव्हता, तरीही गेलो नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मुलीकडे अमेरिकेला जाणे झाले. ती ओरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळ राहते. तिच्या दहा वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवाला, एक छंद आहे. या छंदाने मला पुन्हा चालते केले. त्याचे नाव जिओकॅशिंग.

हा खेळ काय आहे?

लहानपणी आपण घरात चिठ्ठ्या लपवून ‘खजिना शोध’ खेळत असू. जिओकॅशिंग हा त्याच खेळाचा मोठा भाऊ समजा. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी आणि ‘कॅश’ म्हणजे लपवून ठेवलेला साठा. रोख पैशाशी त्याचा संबंध नाही. कोणीतरी एक डबी बाहेर कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे लोक मोबाइलवर किंवा हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्रावर ते आकडे घालून ती जागा शोधतात. डबीत एक छोटी नोंदवही असते. तीत नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवायची. मोठ्या डब्यात खेळणी, नाणी असल्या किरकोळ वस्तू असतात. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवायची, हा नियम. खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, कारण वासाने जनावरे डबा फोडतात.

या छंदाला जन्मतारीखसुद्धा आहे. उपग्रहांचा संकेत नागरिकांना पुरेसा अचूक मिळू नये म्हणून अमेरिकन सरकार त्यात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा दाखवण्यात १०० मीटरपर्यंत फरक पडे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनमधील बीव्हरक्रीक गावाजवळ रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर कळवले. बादलीत पुस्तके, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबाबंद टिन होता! तीन दिवसांच्या आत ती माइक टीग यांना सापडली. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या लपवलेल्या आहेत. पहिल्या बादलीच्या जागी आता स्मरणफलक आहे. नातवाने तो मला मोठ्या अभिमानाने दाखवला.

माझी पहिली डबी

पोर्टलंड शहराच्या हद्दीतच फॉरेस्ट पार्क नावाचे पाच हजार एकरांहून मोठे जंगल आहे. उंच उंच सूचिपर्णी झाडे, त्यांतून जाणाऱ्या पायवाटा. ‘आजोबा, फक्त आठशे मीटर आहे,’ असे म्हणून नातू मला तिथे घेऊन गेला. सरळ रेषेत आठशे मीटर. पायवाट मात्र वळत वळत जाते! ठरलेल्या जागी पोहोचलो तेव्हा मोबाइलवरचा बाण कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरू लागला.

त्याचे कारण असे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत कळवत असतो. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते आणि असे किमान चार उपग्रह मिळाले की आपली जागा ठरवते. दाट झाडीत हे संकेत अडतात, उलटसुलट येतात. मग पाच-दहा मीटरची चूक होतेच. म्हणजे यंत्र आपल्याला आंगणापर्यंत आणून सोडते. दार आपणच शोधायचे.

आम्ही अर्धा तास शोधले. वाकलो, उकिडवे बसलो, खोडामागे डोकावलो. अखेर एका आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या सालीमागे फोटोच्या रोलची असते तेवढी डबी निघाली. आतल्या कागदाच्या गुंडाळीवर पंचवीस-तीस नावे होती. एकाने लिहिले होते, ‘नव्या गुडघ्यावरची पहिली डबी.’ गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला कोणी माझ्याआधी तिथवर चालत आला होता! मी खाली माझे नाव मराठीत लिहिले. घरी येऊन पाहिले तर चार किलोमीटरांहून अधिक चालणे झाले होते आणि वाटेत एकदाही ‘अजून किती राहिले?’ असे मनात आले नव्हते.

मला सांगायचे आहे ते एवढेच. पायांना काम दिले की मनाला कंटाळा येतो. मनाला काम दिले की पाय मुकाट्याने चालतात.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतपत. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. म्हणूनच मधुमेहात चालण्याचे इतके महत्त्व आहे.

६५ वर्षांवरील व्यक्तींनी याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे. डबी शोधताना उंचसखल जमिनीवर चालावे लागते, वाकावे लागते, पुन्हा उठावे लागते. यात तोलाचा सराव आपोआप होतो. सपाट रस्त्यावर तो तितका होत नाही.

मुलांचा फायदा वेगळा. चीनमधील ग्वांगझू शहरात शाळेच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी केली. बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना जवळच्या दृष्टीचा दोष, म्हणजे लांबचे न दिसण्याचा चष्मा, लागला. इतरांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मोबाइल हातात धरूनच मुलाला उन्हावाऱ्यात न्यायचे, ही या छंदातली गंमत आहे.

माझी चूक

आता एक कबुली. तिसऱ्या आठवड्यात ‘दोन डब्या काढून जेवायला येतो’ असे सांगून आम्ही निघालो. सकाळची साखरेची गोळी मी घेतली होती, नाश्ता मात्र अर्धाच केला होता. दुसरी डबी काही सापडेना. ‘अजून दहा मिनिटे’ म्हणता म्हणता जेवणाची वेळ टळली. एकाएकी दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, नातू काय बोलतो ते कळेना. रक्तातली साखर खाली गेली होती. रोज रुग्णांना ‘खिशात साखर ठेवा’ म्हणून बजावणाऱ्या डॉक्टरच्या खिशात एक गोळीसुद्धा नव्हती! नातवाच्या पिशवीत फळांच्या रसाचे पाकीट होते, ते प्यायलो. पंधरा मिनिटांत माणसात आलो. त्या दिवशी मी एकटा असतो तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून बाहेर पडण्यापूर्वी पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पोटभर खाऊनच निघावे. जवळ साखर किंवा ग्लुकोजची पूड ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसताच तीन चमचे साखर खावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

२. एकट्याने जाऊ नये. कुठे जातो आणि केव्हा परतणार ते घरी सांगावे.

३. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली तर डबी सोडून द्यावी आणि थांबावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

४. बिळात, दगडांच्या फटीत, पालापाचोळ्यात हात घालू नये. आधी काठीने चाचपावे. तिकडे गोचीड आणि अंगाला खाज आणणाऱ्या वेलींची भीती. आपल्याकडे साप आणि विंचू आहेत. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. सरळ सरकारी रुग्णालय गाठावे.

५. बंद पायांचे बूट घालावेत. मधुमेहींनी घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत.

६. चालताना पडद्याकडे पाहू नये. पाहायचे तर थांबून पाहावे.

७. विहिरी, खाणी, नाले, पावसाळ्यातले ओहोळ टाळावेत. २०१८ साली प्राग शहरात डबी शोधण्यासाठी काही जण जमिनीखालच्या नाल्यात उतरले. अचानक पाऊस होऊन लोंढा आला आणि त्यांतील दोघांचा जीव गेला. कोणतीही डबी एवढ्या मोलाची नसते.

आपल्या गावात कसे करता येईल?

भारतातही या खेळाच्या डब्या आहेत, पण त्या बहुतेक मोठ्या शहरांच्या आणि पर्यटनस्थळांच्या आसपास. आपल्या तालुक्यात सापडेलच असे नाही. पण त्यावाचून अडत नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून आपापसात खेळावे. घट्ट झाकणाची एक डबी, तीत छोटी वही आणि पेन्सिल. मोबाइलच्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश दिसतात. ते आकडे शेजाऱ्यांना द्यायचे. दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण सुमारे ११ मीटरचा फरक पडतो. म्हणून आकडे नीट उतरून घ्यावेत. मुलांचा भूगोलही होतो.

डबी मात्र ओळखीच्या माणसाच्या शेतात, बागेत किंवा आवारात, त्याला विचारूनच ठेवावी. बसस्थानक, रेल्वे, धरण, देऊळ, बाजार अशा ठिकाणी बेवारस डबी दिसली तर पोलिसांना धावपळ करावी लागते, आणि ते योग्यच आहे. किल्ल्यांचे दगड हलवू नयेत. खड्डा खणू नये. परत येताना वाटेतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उचलून आणाव्यात. जगभरचे शोधक असा कचरा गोळा करतात.

परतल्यावर मी एका स्नेह्याच्या आमराईत अशी डबी ठेवली आहे. कंटाळ्याची तक्रार करणाऱ्यांना औषधांच्या चिठ्ठीमागे तिचे आकडे लिहून देतो. सगळेच जातात असे नाही. पण वहीत आतापर्यंत एकोणीस नावे झाली आहेत. त्यांतील एक नाव, गुडघ्यांमुळे दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढायलाही कुरकुरणाऱ्या एका आजींचे आहे. नातीला बरोबर घेऊन त्या दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा डबी सापडली नव्हती.

(पुढील आठवड्यात : मधुमेह आणि पायांची निगा)