ट्रॅक्टरचा टर्बोचार्जर : घरी किती उघडावा?

शिरूर व दौंड तालुक्यांत भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठी एकेकाळी पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिने असत. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात १९४६ साली झाली. अशा इंजिनांच्या रिंगा बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसविणे, नोझल साफ करणे ही कामे पुष्कळ शेतकरी बांधावरच शिकले. तोच सवयीचा हात आता ऊस ओढणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरच्या टर्बोचार्जरला लागतो आणि तेथे फसगत होते. पंपाच्या त्या साध्या इंजिनांना टर्बो नव्हता.

टर्बोत एकाच शाफ्टवर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवितो. दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो व बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी बेअरिंग खरवडते.

आधी कारण शोधा

ओढ कमी झाली व काळा धूर येऊ लागला की लगेच टर्बो खोलू नये. पुष्कळदा एअर क्लीनर चोंदलेला असतो किंवा टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल असतो. निळा धूर व तेलाचा खप वाढणे हे सील गेल्याचे लक्षण असू शकते. पण क्रँककेसचा ब्रीदर तुंबला किंवा टर्बोतून खाली येणारी तेलाची नळी चेपली तरी चांगल्या सीलमधून तेल बाहेर येते. कारण न शोधता नवा टर्बो बसविला तर तोही त्याच वाटेने जातो.

आपल्या भागात दोन कारणे मुख्य. पहिले, धूळ. ऊसवाहतुकीच्या कच्च्या वाटेवर, एअर क्लीनर व टर्बो यांमधल्या नळीला चीर असेल तर गाळलेली नव्हे तर कोरी धूळ आत जाते आणि पात्यांच्या कडा झिजवते. दुसरे, गरम इंजिन एकदम बंद करणे. भरल्या ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या रांगेत आले की ड्रायव्हर लगेच इंजिन बंद करतो. तेलाचा पुरवठा थांबतो, तापलेल्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होतो. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालवून मग बंद करावे. हा नियम ड्रायव्हरला मालकानेच सांगितला पाहिजे.

उतरविणे व तपासणे

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तेलाच्या नळ्या सोडल्यावर तोंडे स्वच्छ कापडाने बांधावीत. आत पडलेला वाळूचा एक कणही पुरे होतो. दोन्ही बाजूंची कवचे मधल्या भागाशी कशी जुळतात याच्या खुणा करूनच ती सोडवावीत.

पात्यांना टोचा, वाक किंवा कवचाला घासल्याची चकाकी दिसते का ते पाहावे. शाफ्ट वरखाली किंचित हलणे रास्त आहे, पण पुढेमागे बोटाला जाणवेल इतका हलता कामा नये. कवचे डिझेल व मऊ ब्रशने धुवावीत. कॉस्टिक सोडा वापरू नये, ॲल्युमिनिअम खाल्ले जाते. पंख्यांना तारेचा ब्रश लावू नये व हवेच्या फवाऱ्याने ते फिरवू नयेत.

पाती शाबूत, शाफ्ट घट्ट असेल तर साफसफाई करून परत बसवावा. घरचे काम येथे संपते. बाजारात बेअरिंग-सीलचा संच मिळतो व तो घालण्याचा मोह होतो. पण शाफ्ट व पंखे यंत्रावर एकत्र तोलून घ्यावे लागतात, ते यंत्र आपल्या शेडमध्ये नसते. शिवाय हवेच्या पंख्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो. सरळ समजून जोर लावला की शाफ्ट तुटतो. मधला भाग तोलून तयार केलेला, कार्ट्रिज म्हणून मिळतो. तो आपल्या खुणांप्रमाणे कवचांत बसविणे जमण्यासारखे आहे.

परत बसविताना

गॅस्केट नवी घ्यावीत. तेलाच्या जोडावर सिलिकॉन लावू नये. त्याचा तुकडा सुटून बेअरिंगची वाट बंद करतो. तेल आणणारी नळी आतून कोळशाने भरलेली असेल तर बदलावी. इंजिनाचे तेल व फिल्टरही बदलावेत. टर्बोच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ तेल ओतून पंखा हाताने काही फेरे फिरवावा. मग स्टॉप ओढून ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत मारावा. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू आहेत. अशा इलेक्ट्रॉनिक इंधनपद्धतीच्या इंजिनासाठी कंपनीच्या पुस्तिकेतील रीतच पाळावी.

पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडाजवळ एक जाड सपाट फळी ठेवावी. सील निकामी असेल तर इंजिन टर्बोतून आलेले तेलच जाळू लागते, वेग वाढत जातो आणि स्टॉप ओढूनही ते थांबत नाही. अशा वेळी फळीने हवेचे तोंड बंद करावे. हात किंवा कापड कधीही लावू नये, ते आत ओढले जाते. आवाज चढत गेला आणि फळी टेकविणे जमले नाही, तर सर्वांना दूर करून स्वत:ही बाजूला व्हावे. इंजिन पुन्हा बांधता येते.