घरात शिरणारे भुंगेरे : उरवडे परिसरातील अनुभवाचे बोल

लेडीबर्ड भुंगेरा, ज्याला शेतीविषयक लिखाणात ढालकिडा किंवा चित्रांग भुंगेरा म्हणतात, पिकावर असेपर्यंत मित्रकीटक ठरतो आणि घराच्या भिंतीवर दिसला की त्याच्यासाठी झाडू नाहीतर फवाऱ्याचा डबा शोधला जातो. मुळशी तालुक्यातील उरवडे आणि आसपासच्या वस्त्यांत ही विसंगती ठळकपणे जाणवते, कारण पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत भातखाचरे, कारखान्यांच्या शेड, जुनी कौलारू घरे आणि नवे बंगले एकमेकांना लागून आहेत आणि शेतातून उठलेल्या किड्याला पहिला दिवा गाठायला फारसे अंतर कापावे लागत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्यांच्या अनुभवाचे सार इतकेच, की भुंगेरा घरात शिरल्याने जेवढा त्रास होतो त्याहून कितीतरी अधिक तो चिरडल्याने होतो. म्हणून आधी तो कोणता हे ओळखावे, मग त्याला न दुखावता बाहेर काढावे, आणि खरी मेहनत दिव्यांवर व फटींवर घ्यावी.

माघ-फाल्गुनातील लेडीबर्ड

भुंगेरे हे ढालपंखी गणातील कीटक होत. त्यांच्या पंखांची पुढची जोडी कठीण होऊन पाठीवरचे कवच बनते आणि उडण्याचे काम त्याखाली घडी घालून ठेवलेली मागची पातळ जोडी करते. या गणातील लेडीबर्डच्या कुळात महाराष्ट्रात सहज दिसणाऱ्या जाती म्हणजे नारिंगी-लाल पाठीवर सात काळे ठिपके असलेला भुंगेरा आणि पाठीवर नागमोडी काळे पट्टे असलेले त्याचे एक-दोन भाऊबंद. पानांचा रस शोषणारा मावा हे त्यांचे मुख्य अन्न, आणि त्यांची काळपट, नारिंगी खुणांची, लांबट अळी तर प्रौढ भुंगेऱ्याइतकीच खादाड असते. तिचे रूप आईबापांशी जराही जुळत नसल्यामुळे शेतकरी व परसबागवाले तिलाच कीड समजून मारतात, ही या विषयातली सर्रास घडणारी चूक आहे. या कुळातील क्रिप्टोलीमस हा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागाईतदार पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी तो पैसे मोजून बागेत सोडतात, यावरून या कीटकांचे मोल ध्यानात यावे.

भातकापणीनंतर खाचरांच्या ओलीवर घेतलेला हरभरा, वाल किंवा पाण्याची सोय असेल तेथे गहू फाल्गुनाच्या सुमारास वाळू लागला, की त्यावरचा मावा सरतो आणि भुकेलेले प्रौढ भुंगेरे दुसऱ्या हिरव्या पिकाच्या शोधात उडू लागतात. त्यातले काही संध्याकाळी पडवीतल्या दिव्यापाशी, खिडकीच्या काचेवर किंवा दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतात. मुळशीतला हिवाळा कितीही बोचरा वाटला तरी भुंगेऱ्यांना महिनोन् महिने दडी मारून बसायला लावण्याइतका कडक नसतो, आणि त्यामुळे घराच्या भिंतीत शेकड्यांनी साठून वसंतात एकदम बाहेर पडण्याचा प्रकार येथे घडत नाही. येथे आलेला लेडीबर्ड वाट चुकलेला असतो. तो घरात अंडी घालत नाही, लाकूड पोखरत नाही, धान्याला लागत नाही, आणि मावा न मिळाल्यास थोड्याच दिवसांत मरून जातो.

थंड देशांतला अनुभव मात्र वेगळा आहे आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो चांगला परिचयाचा आहे. हार्मोनिया अॅक्सिरिडिस ही पूर्व आशियातील जात अमेरिकेत मावा व खवले किडींच्या नियंत्रणासाठी विसाव्या शतकात अनेकदा सोडली गेली, 1988 मध्ये लुइझियाना राज्यात ती पक्की रुजल्याचे आढळले, आणि पुढे ती त्या खंडभर व युरोपात पसरली. मूळ प्रदेशात कड्यांच्या कपारींत हिवाळा काढणारी ही जात ऑक्टोबरच्या सुमारास घराच्या उन्हाकडच्या फिकट भिंतींवर जमते, फटींतून भिंतींच्या पोकळीत शिरते, आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊब वाढली की बाहेरची वाट सोडून उलट घरातच उतरते. तेथे वसंतात दिसणारा उपद्रव हा शरदात उघड्या राहिलेल्या फटींचा परिणाम असतो, म्हणून सप्टेंबर संपण्यापूर्वी फटी बुजवणे आणि आत आलेले भुंगेरे व्हॅक्युम क्लीनरच्या नळीत पायमोजा अडकवून गोळा करणे हे दोनच उपाय तेथे खात्रीचे ठरतात. भिंतीच्या पोकळीत विष फवारल्यास मेलेल्या भुंगेऱ्यांवर गालिचे व लोकर खाणारे दुसरेच किडे पोसले जातात.

दाबले गेल्यास लेडीबर्ड पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडवट, उग्र वासाचा द्रव सोडतो. हे त्याचे रक्तच असते आणि त्यातील अल्कलॉइड नावाच्या कडू रसायनांमुळे पक्षी व मुंग्या त्याच्या वाटेला जात नाहीत. भिंतीवर बसलेल्या भुंगेऱ्यावर झाडूचा एक फटका मारला, की चुन्यावर किंवा फिकट डिस्टेंपरवर हळदीच्या बोटासारखा डाग उमटतो, आणि तो ओल्या फडक्याने पुसू गेल्यास जाण्याऐवजी पसरतो; पडद्यावर किंवा चादरीवर पडलेला डागही सहजी निघत नाही. कागदाचा कपटा पुढे सरकवला की भुंगेरा आपण होऊन त्यावर चढतो, आणि वरून पेला पालथा घालून त्याला कुंडीतल्या मावा लागलेल्या झाडावर नेऊन सोडता येते.

ओळख पटवणे

भिंतीवरचा प्रत्येक ठिपकेदार भुंगेरा मात्र मित्र नसतो. वांगी, बटाटा आणि कारल्याची पाने जाळी पडेपर्यंत खरवडून खाणारा हड्डा भुंगेरा याच कुळातला असून त्याच्या पाठीवर बहुधा अठ्ठावीस ठिपके असतात. पण ठिपके मोजण्यापेक्षा पाठ पाहणे सोपे, कारण मावा खाणाऱ्या लेडीबर्डची पाठ तुकतुकीत असते आणि हड्ड्याची पाठ बारीक लवेमुळे मंद, मळकट दिसते. परसात वांगी असतील तर हा भुंगेरा झाडावरून वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा.

पहिल्या वळवाच्या पावसानंतर ट्यूबलाइटवर आदळून जमिनीवर उताणे पडणारे तपकिरी, जाड भुंगेरे हुमणीचे असतात. ते चावत नाहीत, मात्र त्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात, म्हणून कृषी विभाग त्यांच्यासाठी प्रकाश सापळे लावण्यास सांगतो. त्याच दिवसांत दिव्याभोवती उडून पंख गाळणारी पाखरे भुंगेरे नसून वाळवीचे पंखवाले नर-मादी असतात, आणि येथे पंखांचा ढीग कोठे पडला हे पाहणे महत्त्वाचे ठरते: तो ओसरीतल्या दिव्याखाली असेल तर झाडून टाकावा, परंतु बंद खोलीत, दाराच्या चौकटीच्या किंवा कपाटाच्या पायथ्याशी असेल तर वाळवीचे घर इमारतीतच आहे असे धरून जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर सतत दिसणारे बारीक तपकिरी किडे बाहेरून आलेले नसतात. ते तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यातले सोंडे असतात, आणि डबा रिकामा करून धान्याला ऊन दिल्याखेरीज ते हटत नाहीत.

ज्याला कधीही चिरडू नये असा किडा

पावसाळ्यात भातखाचरांतून घरात येणारा पेडेरस हा भुंगेरा या सर्वांत सर्वाधिक त्रासदायक, आणि तोही मूळचा मित्रकीटकच. सुमारे 7 ते 10 मिलिमीटर लांबीच्या, मुंगीचा भास होणाऱ्या या सडपातळ किड्याचे डोके काळे, मान व पोट नारिंगी, शेपटीचे टोक काळे, आणि मध्यावर निळसर-हिरवे, आखूड पंखकवच असते. डिवचल्यावर तो शेपटी वर उचलून धावतो. भातावरील तुडतुडे आणि खोडकिडीची अंडी खाऊन तो खाचरात मोठी कामगिरी बजावतो, पण पाऊस आणि उष्मा वाढला की रात्री पांढऱ्या दिव्यांकडे झेपावतो. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या प्रभावाने लोक त्याला ‘अॅसिड फ्लाय’ किंवा ‘नायरोबी माशी’ म्हणतात, तरी तो माशीही नव्हे आणि त्याच्या अंगात आम्लही नसते.

तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचे तीव्र दाहक द्रव्य असते, जे मादीच्या शरीरातील सहजीवी जिवाणू तयार करतात, आणि झोपेत मानेवर आलेला किडा हाताने रगडला गेला की ते त्वचेवर माखले जाते. लगेच काहीच जाणवत नाही, हाच यातला धोका. सुमारे एक-दोन दिवसांनी त्या जागी लाल, आग होणारा, फोडांचा पट्टा उमटतो, तोवर किड्याचा विसर पडलेला असतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी नागीण झाल्याचे निदान करून मोकळी होतात. दोन्हींतला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे: नागीण हा विषाणूचा आजार असून ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते व बहुधा आधी ठणका लागतो, तर पेडेरसचा पट्टा हात जसा फिरला तसा कसाही ओढलेला असतो, आणि कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत जेथे त्वचेला त्वचा टेकते तेथे समोरासमोर जोडीने उमटतो. द्रव्याने बरबटलेले बोट डोळ्याला लागले तर पापणी सुजते. जुलै 2022 मध्ये सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहांतील अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी हा त्रास झाल्याने त्याची देशभर चर्चा झाली.

म्हणून हा किडा अंगावर दिसल्यास फुंकर मारून उडवावा किंवा कागदावर चढवून दूर करावा, आणि त्याने स्पर्श केलेली जागा, हात व चादर साबणाच्या पाण्याने ताबडतोब धुवावी. हे द्रव्य मेलेल्या किड्यातही टिकून राहते, त्यामुळे मेलेले किडे उघड्या हाताने उचलू नयेत. पट्टा उमटलाच तर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, फोड फोडू नयेत, चुना, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. डोळा सुजला, फोड पिकले, ताप आला किंवा पट्टा नागिणीचा असल्याची शंका आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

दिवा आणि फट

कीटक दिव्याकडे का येतात याविषयी जुन्या समजुती अनेक आहेत. 2024 च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की उडणारे अनेक कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण निसर्गात उजेड म्हणजे वरची बाजू. आणि जवळचा दिवा ही ‘वर’ची जाणीव बिघडवत असल्याने ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. याचा घरापुरता अर्थ असा, की दाराच्या माथ्यावर लावलेला पांढराशुभ्र दिवा किड्यांना उंबऱ्याशीच रोखून ठेवतो आणि दार उघडताक्षणी ते आत येतात. निळ्या व अतिनील किरणांकडे बहुतेक कीटक अधिक खेचले जात असल्यामुळे पडवीत 2700 ते 3000 केल्व्हिनचे पिवळसर एलईडी लावणे, दिवा दारापासून काही अंतरावर, खाली तोंड करून बसवणे, आणि पावसाळ्यात रात्री आठ ते दहाच्या दरम्यान पडदे ओढून घेणे यांनी फरक पडतो. शेजारी रात्रपाळीची शेड किंवा मोठा दिवा असेल, तर आपल्या घरातला उजेड कमी करून पुरत नाही. त्या बाजूची खिडकी जाळीनेच राखावी लागते.

फटींच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षित राहतात त्या सरकत्या खिडक्यांच्या खाचा. चौकटीच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके किड्यांनाही पुरेशी असतात. ती बुजवल्यास पावसाचे पाणी खोलीत उतरते, म्हणून त्यांवर जाळीचा तुकडा बसवणे हाच मार्ग. एसीच्या नळीभोवतीची पोकळी सिलिकॉनने, दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने आणि पत्र्याच्या नाळ्यांची तोंडे फोमच्या पट्टीने बंद करता येतात. डासांची साधी जाळी लेडीबर्ड आणि पेडेरस या दोघांनाही अडवते, मात्र तिचा कोपरा सुटलेला असेल तर ती असून नसल्यासारखी होते. फवारा मारल्याने दिसणारे किडे पडतात, पण दिवा आणि फट तशीच असल्यामुळे दुसऱ्या संध्याकाळी त्यांची जागा नवे घेतात. शिवाय अशा डब्यांतील पायरेथ्रॉइड वर्गातील विषे मांजरांना व माशांना अतिशय घातक असतात आणि अंगणातल्या लेडीबर्डनाही मारून कुंड्यांतला मावा मोकाट सोडतात.

ही सारी कामे पावसाला सुरुवात झाल्यावर आठवतात आणि तेव्हा ना भिंत कोरडी असते ना कारागीर हाताशी. मुळशीतल्या कौलारू घरांची शाकारणी, म्हणजे फुटकी कौले बदलून छप्पर पावसासाठी तयार करणे, वैशाख-ज्येष्ठात उरकण्याची रीत आहे. सिमेंटच्या घरांतही जाळ्या, पट्ट्या आणि दिवे यांची तपासणी त्याच दिवसांत करावी, म्हणजे हुमणी व वाळवीपासून भाताच्या हंगामातल्या पेडेरसपर्यंत सर्वांचा बंदोबस्त एकाच खर्चात होतो. एवढे करूनही भाताच्या शेजारी राहणाऱ्या घरात काही किडे येतीलच. त्यांच्यासाठी खिडकीच्या कट्ट्यावर एक पेला आणि एक पोस्टकार्ड ठेवलेले पुरे.