पकड काठीवर, वळण चेंडूला

क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू बोटांत कसा धरतो, यावर तो कसा वळणार हे ठरते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण ज्या खेळात फटका मारताना खेळाडू चेंडूला हातही लावत नाही, तेथे काय? गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्थिर असतो. खेळाडूच्या हातात असते ती फक्त काठी. तरीसुद्धा काठीवरची मूठ जराशी फिरली, की दोनशे मीटर जाणारा चेंडू सरळ न जाता उजवीकडच्या झाडीत किंवा डावीकडच्या वाळूत जाऊन पडतो. मुठीतला एवढासा फरक चेंडूपर्यंत पोहोचतो तरी कसा?

क्षणाहूनही लहान भेट

गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. लांब फटका मारण्याच्या काठीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. निष्णात खेळाडूच्या हाती तिचे टोक ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने चेंडूवर येऊन आदळते. चेंडू क्षणभर चेपला जातो, पुन्हा फुगतो आणि निघून जातो. हे सारे घडते सुमारे १/२००० सेकंदात! तेवढ्या वेळात काठीचे टोक जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकते.

आता हातांचा विचार करा. हाताला काही जाणवणे, मेंदूने हुकूम सोडणे आणि स्नायू हलणे याला सुमारे १/५ सेकंद लागतो. म्हणजे चेंडू काठीला चिकटलेला असतो त्याच्या ४०० पट वेळ! तेव्हा चेंडू लागत असताना मनगट वळवून त्याला दिशा देता येते, ही समजूत खरी नाही. काठी वरून खाली येण्यासही साधारण पाव सेकंदच लागतो. फटका सुरू झाल्यावर दुरुस्तीला वाव जवळजवळ नसतोच. जे काही ठरवायचे ते आधी ठरवावे लागते आणि मूठ ही अशी एक गोष्ट आहे, की जी खेळाडूला उभ्या उभ्या, सावकाश ठरवता येते.

दोन दिशा

चेंडूवर आदळताना काठीच्या दोन दिशा महत्त्वाच्या असतात. पहिली, तिच्या टोकाच्या सपाट पृष्ठाचा रोख. दुसरी, ते टोक ज्या मार्गाने जात आहे त्याची दिशा. चेंडू काठीच्या मार्गाने सुटतो, असे पूर्वीच्या अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. अतिवेगवान कॅमेरे आणि रडार यांनी केलेल्या मोजमापांवरून मात्र दिसून आले, की चेंडू बहुतांशी पृष्ठाच्या रोखाने सुटतो. हा रोख १ अंशाने चुकला, तर २०० मीटरवर चेंडू सुमारे साडेतीन मीटर बाजूला पडतो. ४ अंशांनी चुकला तर १४ मीटर! आणि शेवटी चेंडू ज्या भोकात घालायचा, ते असते अवघे १०.८ सेंटिमीटर रुंद.

हे झाले चेंडू सरळ रेषेत गेला तर. पृष्ठाचा रोख आणि काठीचा मार्ग जुळले नाहीत, तर चेंडू हवेत वळतोसुद्धा.

हवेतले वळण

काठीचे पृष्ठ थोडे मागे कललेले असते. त्यामुळे चेंडू पुढे जाताना उलटा, म्हणजे वरची बाजू मागे येईल असा फिरतो. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला सुमारे २५०० फेरे घेतो. फिरणारा चेंडू आपल्याभोवतालची हवा खाली ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा चेंडूला वर ढकलते. यालाच ‘मॅग्नस परिणाम’ म्हणतात.

एडिंबरा विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल्फच्या चेंडूचा अभ्यास केला. चेंडूला लांब, हलकी फीत बांधून तो मारायचा आणि फितीला पडलेले पीळ मोजायचे, अशी त्यांची साधी युक्ती होती. चांगला मारलेला चेंडू हवेत इतका वेळ तरंगतो तो या उलट्या फिरकीमुळे, हे त्यांनी दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकणारा नामवंत गोल्फपटू होता.

आता समजा, काठीच्या मार्गाच्या मानाने पृष्ठ उजवीकडे उघडे आहे. मग चेंडूच्या फिरकीचा आस उजवीकडे कलतो. वळताना विमानाचे पंख कलतात, तसेच हे. हवेचा रेटाही आता सरळ वर न राहता उजवीकडे कलतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. याला ‘स्लाइस’ म्हणतात. उलट प्रकार घडला तर चेंडू डावीकडे वळतो, तो ‘हुक’.

करून पाहा

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात काठीवर वरच्या बाजूला असतो आणि लक्ष्य त्याच्या डावीकडे असते. काठीऐवजी एक फूटपट्टी घ्या. डावा हात सैल सोडा. पट्टीचे एक टोक मुठीत धरून ती जमिनीकडे लोंबू द्या. तिची सपाट बाजू डावीकडे असू द्या.

बोटांच्या मुळाशी असलेल्या ज्या उंचवट्यांवर आपण महिन्यांचे दिवस मोजतो, ते वरून पाहा. साधारणपणे दोन दिसतील. आता पट्टी उजव्या हाताने स्थिर धरून डावी मूठ तिच्याभोवती उजवीकडे फिरवा, म्हणजे तीन-चार उंचवटे दिसतील. मूठ घट्ट करा, उजवा हात काढा आणि डावा हात पुन्हा नैसर्गिक स्थितीत येऊ द्या. पट्टीची सपाट बाजू तुमच्या पायांकडे वळली ना? मूठ उलट दिशेला फिरवून हाच प्रयोग केलात, तर ती तुमच्यापासून दूर उघडेल.

फटक्यात हेच घडते. वेगाने खाली येणारा हात ओढला जाऊन नैसर्गिक स्थितीकडे परततो आणि काठीलाही आपल्याबरोबर फिरवतो. पहिल्या पकडीला गोल्फपटू ‘स्ट्राँग’ म्हणतात. तिने चेंडू डावीकडे वळू पाहतो. दुसरी ‘वीक’. तिने तो उजवीकडे वळू पाहतो. या नावांचा जोराशी काही संबंध नाही. मूठ फार आवळली तर मात्र मनगटे ताठरतात, पृष्ठ वेळेवर मिटत नाही आणि चेंडू उजवीकडे जातो.

फसवा उपाय

चेंडू सारखा उजवीकडे जातो म्हणून नवशिका खेळाडू काठी अधिकाधिक डावीकडे फिरवतो. पण मूठ तीच असल्याने पृष्ठ उघडेच राहते, रोख आणि मार्ग यांतले अंतर वाढते आणि चेंडू आणखीच उजवीकडे वळतो! शरीराची वळण्याची ढबही चेंडूवर परिणाम करते हे खरे. पण अशा वेळी चेंडूकडे पाहण्याआधी आपल्या मुठीकडे पाहावे, हे उत्तम.

विचार करा

१. डावखुऱ्या खेळाडूची पकड ‘वीक’ असेल, तर त्याचा चेंडू कोणत्या बाजूला वळेल?

२. भोकाजवळच्या गवतावरून हळूच ढकललेला चेंडू मॅग्नस परिणामामुळे वळलेला का दिसत नाही?